आधी पोटाचं बघा, मग लघवीचं

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. १५ वर्षांपासून साखर आहे, गुडघे धरलेले आहेत. वर्षभरापासून संडासापर्यंत पोचेस्तोवर लघवी सुटते. गेल्या दीड महिन्यात पातळ संडासही नकळत कपड्यात होऊ लागली. मेडिकलमधून जुलाब थांबवायची गोळी आणून दिलीत, दोन दिवस बरं वाटलं आणि मग पहिल्यापेक्षा वाढलं. संध्याकाळी पाचनंतर पाणी बंद केलंय. गुरुवारच्या भजनाला जाणं त्यांनी आपणहून सोडलं. हे वयाचंच आहे का आणि आता कायमचं डायपर लावायचं का, असं तुम्ही विचारलंय.

गोळी दिल्यावर दोन दिवस बरं आणि मग जास्त, ही ओळ मी दोनदा वाचली. त्यांना तपासल्याशिवाय खात्रीने सांगता येणार नाही, पण या वयात, या गोष्टी एकत्र दिसल्या की माझ्या मनात पहिली शंका येते ती बद्धकोष्ठाची. जुलाबाची नाही.

हे ऐकायला उलटं वाटेल. होतं असं की मळ खालच्या आतड्यात आठवडेच्या आठवडे साठत जातो. त्यातलं पाणी आतडं शोषून घेत राहतं आणि शेवटी त्याचा कडक गोळा बनतो. एवढा मोठा की तो बाहेरही येत नाही आणि जागचाही हलत नाही. वरून येणारा पातळ मळ त्या गोळ्याच्या कडेकडेने झिरपत खाली उतरतो. ओढ्यात धोंडा अडकला तरी पाणी बाजूने वाट काढतंच, तसं. आतडं सतत ताणलेलं राहिल्यामुळे गुदद्वाराचा आतला स्नायू सैल पडतो आणि 'आता जायला पाहिजे' ही जाणीवही बोथट होते. म्हणून त्यांना कळत नाही, कपड्याला लागल्यावरच कळतं. घरातले म्हणतात, दिवसातनं सात-आठ वेळा होतंय, मग बद्धकोष्ठ कुठलं? आणि जुलाबाची गोळी आतड्याची हालचाल मंद करते, म्हणजे धोंडा आणखी घट्ट बसतो.

ही चूक माझ्या हातूनही झाली आहे. कोल्हापुरात प्रॅक्टिस सुरू केली त्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. पन्हाळ्याच्या बाजूच्या एका गावातून मुलगा आईला घेऊन आला. "डॉक्टर, जुलाब थांबंनात." दवाखान्यात गर्दी होती. मी पोटावरून हात फिरवला, गोळ्या आणि ओआरएस लिहून दिलं. आठ दिवसांनी ते परत आले तेव्हा आजींचं पोट फुगलेलं होतं आणि आदल्या रात्रीपासून लघवी झाली नव्हती. त्या दिवशी मी हातमोजा घालून बोटाने तपासलं. बोट जेमतेम आत गेलं आणि दगडासारखं काहीतरी लागलं. लघवीची पिशवी बेंबीपर्यंत आलेली. नळी घातली तर लिटरभराहून जास्त लघवी आली. पुढचे दोन दिवस एनिमा देऊन, थोडा मळ हाताने काढून पोट मोकळं केलं. नळी काढली आणि आजींना आपसूक लघवी होऊ लागली. तपासताना त्यांनी पदराचं टोक दातात धरलं होतं. नंतर म्हणाल्या, "आठ दिस झालं सून माझी लुगडी धुतीया. तिच्या तोंडाकडं बघवत न्हाई मला."

तेव्हापासून माझा नियम आहे: साठीच्या पुढचं माणूस कपड्यात संडास होते म्हणून आलं तर बोटाने तपासल्याशिवाय एकही गोळी लिहायची नाही. तपासायला अर्धा मिनिट लागतं. सासूबाईंना डॉक्टरकडे न्याल तेव्हा ही तपासणी झाली नाही तर तुम्हीच विचारा, "डॉक्टर, आत मळाचा खडा अडकला नाही ना, एकदा बघता का?" लाजू नका. आणि तो गोळा वरच्या भागात असला तर बोटाला लागत नाही, तेव्हा पोटाचा एक्स-रे काढावा लागतो.

आता लघवीचा याच्याशी काय संबंध? मळाचं आतडं आणि लघवीची पिशवी ओटीपोटात एकमेकांना लागून असतात. (आपल्याकडे नुसतं 'पिशवी' म्हटलं की बायकांना गर्भपिशवीच वाटते. 'पिशवी काढायला सांगितलीय' हे ऐकून घाबरलेल्या कितीतरी जणी माझ्याकडे आल्यात. इथे मी मूत्राशयाबद्दल बोलतेय.) आतडं मळाने भरलं की पिशवीला पुरेसं फुगायला जागा उरत नाही, थोडी लघवी साठली तरी जोराची कळ येते. किंवा खालचा मार्ग दाबला जाऊन ती पूर्ण रिकामीच होत नाही, मग भरून वाहते. दोन्ही प्रकारांत कपडे ओले होतात. म्हणून दोन्ही तक्रारी एकत्र असल्या की मी आधी पोट साफ करून घेते, आणि पुष्कळदा लघवीची निम्मी तक्रार तिथेच कमी होते.

गोळा असल्याचं निघालं तर तो आधी काढावा लागतो, आणि हे घरी करायचं काम नाही. साबणाची कांडी घालणं, एरंडेल पाजणं, बोटाने उकरणं, यातलं काहीही करू नका. डॉक्टर किंवा सिस्टर एनिमा देतात, ग्लिसरीनच्या कांड्या वापरतात, सोबत तोंडाने पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर पाण्यातून देतात. दोन-चार दिवस बरीच संडास होईल. या दिवसांत डायपर लावायला काहीच हरकत नाही. इथे बरेच लोक एक चूक करतात. बद्धकोष्ठ म्हटलं की इसबगोल सुरू. इसबगोल पाणी शोषून फुगतो. आधीच आत गोळा अडकलाय, वरून पाणी तोडलंय, आणि त्यावर इसबगोल म्हणजे अडकलेल्या धोंड्यामागे आणखी गाळ टाकणं. पोट मोकळं झाल्यावर, पेलाभर पाण्यासोबत घेतला तर तो चांगलाच आहे.

एकदा साफ झालं म्हणजे काम संपलं असंही नाही. ताणलेलं आतडं पूर्ववत व्हायला काही महिने लागतात, आणि तेवढे दिवस सौम्य औषध रोज चालू ठेवावं लागतं. 'सवय लागेल' म्हणून आठवड्यात औषध बंद करणारे महिन्याभरात परत येतात.

खरी कमाई सकाळच्या वेळेची आहे. नाश्ता झाला, गरम चहा झाला की पुढच्या अर्ध्या तासात आतड्याला आपोआप हालचालीचा हुकूम जातो. जेवल्यावर बाळ लगेच शी करतं ते याच कारणाने. म्हातारपणीही ही यंत्रणा शाबूत असते. सासूबाईंना रोज नाश्त्यानंतर २० मिनिटांनी संडासला बसवा, कळ असो वा नसो. पाच-दहा मिनिटं पुरे. कुंथायचं नाही. गुडघेदुखीमुळे तुम्ही कमोड घेतला असेल, तर पायाखाली पाट किंवा छोटं स्टूल द्या, सात-आठ इंच उंचीचं, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा वर येतील. कोपरं मांडीवर टेकवून थोडं पुढे वाकायचं आणि पोट सैल सोडायचं. उकिडवं बसल्यावर आतड्याचा जो कोन सरळ होतो, तो कमोडवर पाय लोंबकळत बसल्यावर होत नाही. फक्त पाट घसरणार नाही हे बघा. मी रबरी चटई खाली घालायला सांगते.

खाण्यात मोठी उलथापालथ नको. आपल्याकडची ज्वारीची भाकरी, मेथी, शेपू, अंबाडी, मुगाची उसळ यात चोथा भरपूर असतो. म्हातारी माणसं दात नाहीत म्हणून भाकरी सोडतात आणि चहा-बिस्किटावर, मऊ भातावर येतात, तिथून पोट बिघडायला लागतं. भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून द्या. दूध पिऊन पोट गुरगुरत असेल, संडास पातळ होत असेल तर आठवडाभर दूध बंद करून बघा. कोल्हापुरात म्हशीचं दूध सोडा म्हटलं की लोकांना पटत नाही, पण वय वाढतं तसं काहींना दूध पचत नाही, हे खरं आहे. तांबडा रस्सा एरवी सोडायचं कारण नाही. खाल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी त्रास होतोय असं दिसलं तरच कमी करा.

आता त्यांच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरा आणि डॉक्टरसमोर ओता. चिठ्ठी नको, गोळ्याच न्या, कारण चार ठिकाणच्या चार चिठ्ठ्या असतात. मी त्यात काय शोधते ते सांगते. मेटफॉर्मिन हे साखरेचं चांगलं औषध आहे, पण काहींना त्याने पातळ संडास होते, वर्षानुवर्षं घेतल्यावरसुद्धा. आतडं रिकामं निघालं, गोळा नाहीच, तर माझा पहिला संशय त्यावर. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनी संडास घट्ट होते. गुडघ्यासाठी ट्रामाडॉल असलेली गोळी चालू असेल तर बद्धकोष्ठ ठरलेलं. तळपायाची आग होते म्हणून रात्री अॅमिट्रिप्टिलिन देतात, त्याने संडासही अडते आणि लघवीही. बीपीच्या अॅम्लोडिपिनने काहींच्या पायाला सूज येते. दिवसा पायात साठलेलं ते पाणी रात्री आडवं झालं की रक्तात परत येतं आणि त्याची लघवी बनते, मग रात्री चार वेळा उठावं लागतं. बीपीच्याच दुसऱ्या काही गोळ्यांनी, एनालाप्रिल, रॅमिप्रिल वगैरे, कोरडा खोकला लागतो, आणि प्रत्येक खोकल्यागणिक लघवीचा थेंब सुटतो. साखरेच्या नव्या गोळ्यांपैकी काही साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्याने लघवी वाढते आणि खाली खाजही सुटते. यातलं कुठलंही औषध स्वतःहून बंद करू नका. बदलून द्यायचं काम डॉक्टरचं आहे, पण विचारायचं काम तुमचं.

साखरही तपासून घ्या. साखर चढलेली असेल तर शरीर ती लघवीतून काढतं, आणि लघवीचं प्रमाणच दुप्पट होतं. लघवीची तपासणी करताना एक सांभाळा. म्हाताऱ्या बायकांच्या लघवीत काही त्रास नसतानाही जंतू सापडतात. जळजळ नाही, ताप नाही, ओटीपोटात दुखत नाही, तक्रारीत अचानक बदल नाही, तर नुसत्या रिपोर्टवरून अँटिबायोटिक घेऊ नये. त्याने उलट जुलाब लागतात आणि आपण परत पहिल्या पानावर येतो.

यानंतर लघवीचं. तीन दिवस एक वही ठेवा. जुनी दिनदर्शिका उलटी केली तरी चालेल. स्वयंपाकघरातलं मापाचं प्लास्टिकचं भांडं त्यासाठी वेगळं काढा. किती वाजता लघवीला गेल्या, किती मिली झाली, कपडे ओले झाले का आणि त्या क्षणी काय करत होत्या, काय आणि किती प्यायल्या, एवढंच लिहा. या तीन पानांतून मला जे कळतं ते पेशंटच्या अर्धा तास बोलण्यातून कळत नाही. साधारण माणसाची पिशवी एका वेळी ३०० ते ५०० मिली धरते, दिवसभरात दीड-दोन लिटर लघवी होते. दर वेळी ७०-८० मिलीच होत असेल आणि दिवसात १५ खेपा असतील, तर पिशवी चिडकी झाली आहे किंवा रिकामी होत नाही. सगळं मिळून तीन लिटर भरत असेल तर साखरेकडे बघायला हवं. चोवीस तासांतली एक तृतीयांशाहून जास्त लघवी रात्रीच होत असेल तर पायाची सूज, हृदय, झोपेतलं घोरणं आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर तिची वेळ बघावी लागते.

लघवी सुटण्याची तऱ्हा कोणती, त्यावर उपाय ठरतो. खोकलं, शिंकलं, कळशी उचलली, हसलं की सुटते, तो प्रकार बाळंतपणात सैल झालेल्या स्नायूंचा. अंग खाली उतरल्यासारखं वाटत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावं, योनीमार्गात रबरी कडी बसवून कित्येकींचं ऑपरेशन टळतं. कळ आली की थांबताच येत नाही, कुलपाला किल्ली लावली, नळाचं पाणी वाजलं की सुटते, ही चिडक्या पिशवीची खूण. तुमच्या वर्णनावरून सासूबाईंची तऱ्हा ही दिसते, आणि त्यात गुडघ्यांची भर. पुष्कळ बायकांत दोन्ही मिसळलेलं असतं. तिसरा प्रकार सारखं थेंब थेंब गळणं, पिशवी भरून वाहतेय म्हणून. जुन्या साखरेने नसा कमजोर झालेल्यांत हा असू शकतो, म्हणून सोनोग्राफी करताना 'लघवी केल्यावर किती उरते' हे मोजायला सांगा. ५० मिलीच्या आत उरली तर ठीक. २०० च्या वर उरत असेल तर चिडक्या पिशवीची औषधं सुरू करणं धोक्याचं, त्याने लघवी पूर्ण अडू शकते. ही सोनोग्राफी खासगीत परवडत नसेल तर कोल्हापूरच्या सरकारी सीपीआर रुग्णालयात जा.

पाणी बंद केलंय ते आजच सुरू करा. पाणी कमी केल्याने लघवी दाट, पिवळी होते, ती पिशवीला आणखी टोचते आणि कळ लवकर येते. शिवाय संडास घट्ट होते. हृदयाच्या किंवा किडनीच्या डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं नसेल, तर चहा-ताकासकट दिवसभरात दीड ते दोन लिटर जायला हवं. जास्त भाग दुपारी चारपर्यंत, झोपायच्या दोन तास आधी फक्त घोटभर. चहाचे पाच कप असतील तर दोनवर आणा, आणि संध्याकाळचा आधी तोडा. पायाला सूज असेल तर दुपारी तासभर पाय उशीवर घेऊन पडायला सांगा, म्हणजे पायातलं पाणी दिवसाच निघून जातं. लघवीची गोळी चालू असेल तर ती सकाळी.

कळ आली की माणूस पळतो. पळायचं नाही, हे शिकवावं लागतं. कळ लाटेसारखी येते आणि ओसरते. ती आली की जागच्या जागी उभं राहायचं किंवा खुर्चीच्या कडेवर बसायचं, गॅस अडवल्यासारखं खालचं अंग पाच-सहा वेळा पटापट आवळायचं, एक लांब श्वास सोडायचा, आणि लाट ओसरल्यावर सावकाश चालत जायचं. सोबत वेळा बांधा. सध्या दर तासाला कळ येत असेल तर आठवडाभर तासाने जा, पुढच्या आठवड्यात सव्वा तासाने, असं करत अडीच-तीन तासांपर्यंत न्या. दोन महिने धीर धरावा लागतो.

खालचं अंग आवळायच्या या व्यायामावर अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नॉल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये लिहिलं, म्हणून त्याला केगेल म्हणतात. शिकवताना मी असं सांगते: चारचौघांत गॅस येतोय आणि तो अडवायचाय, असं समजून आत आणि वर ओढा. पोट आणि मांड्या सैल, श्वास चालू. एक ते पाच मोजेपर्यंत धरा, तेवढाच वेळ सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. जमेल तसं धरणं दहापर्यंत वाढवा. तीन महिन्यांआधी निकाल विचारू नका. लघवी करताना मध्येच धार थांबवून रोज सराव करायचा, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, त्याने पिशवी अर्धवट रिकामी राहायची सवय लागते. खोकला-शिंक यायच्या आधी एकदा आवळून धरलं की थेंब थांबतो, हे तर पहिल्या दिवसापासून करता येतं. आणि हाच व्यायाम संडास सुटण्यावरही चालतो, मुद्दाम वेगळा शिकायला लागत नाही. बसून जमत नसेल तर पलंगावर पडून करू द्या. माझ्याकडच्या एक आजी प्रत्येक आरतीच्या वेळी दहा वेळा करायच्या, त्यांची विसरायची भानगडच संपली.

औषधं आहेत. सोलिफेनॅसिन, टोल्टेरोडिन अशी जुन्या वळणाची औषधं कळ कमी करतात, पण तोंड सुकतं, संडास घट्ट होते आणि सत्तरीपुढे काहींना भ्रम होतो. सासूबाईंच्या बाबतीत मी ती पहिल्यांदा देणार नाही. मिराबेग्रॉनने बद्धकोष्ठाचा त्रास कमी असतो, फक्त बीपी बघून द्यावं लागतं. पाळी जाऊन वर्षं झालेल्या बायकांत योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं मलम पुष्कळदा चांगला गुण देतं. ते स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारूनच.

घराकडे एकदा सासूबाईंच्या पावलांनी बघा. आपल्याकडच्या जुन्या घरांत सोपा, माजघर, स्वयंपाकघर ओलांडून मग परड्यात संडास. दुखऱ्या गुडघ्यांनी, अंधारात, उंबरे चढत-उतरत ते अंतर कापायचं, म्हणजे पिशवी धडधाकट असली तरी कपडे ओले होतील. रात्रीपुरती कमोडची खुर्ची पलंगाशेजारी ठेवा. वाटेत छोटा दिवा रात्रभर जळू द्या. भिंतीला धरायला दांडी बसवा. नाडीची गाठ हा माझ्या अनुभवातला मोठा शत्रू आहे. संधिवाताच्या बोटांना ती सुटत नाही, आणि गाठ सोडता सोडता सुटतं ते लघवीचं. परकराला इलॅस्टिक घाला, रात्री गाऊन द्या. पंचाहत्तरीचे एक काका महिनाभर पिशवीची औषधं घेत होते. मुलीने पायजम्याची नाडी काढून इलॅस्टिक घातलं आणि दिवसातले दोन अपघात बंद झाले.

डायपरबद्दल. प्रवासाला, लग्नाला, पोट साफ करायच्या दिवसांत जरूर वापरा, त्यात कमीपणा नाही. पण तपासणी झालेली नसताना कायमचा डायपर लावला की संडासला जायची सवयच सुटते, आणि खाली काय चाललंय तेही कुणाला दिसत नाही. चालत्या माणसाला चड्डीसारखा चढवायचा डायपर बरा, अंथरुणातल्याला चिकटपट्टीचा. नितंबांचं माप घेऊन साइज निवडा, ढिला घेतला तर मांडीतून गळतो. पाळीचे पॅड लघवीसाठी नसतात, ते पटकन ओले पडतात. लघवी झाली तर चार-पाच तासांत आणि संडास झाली तर लगेच बदलायचा. कोमट पाण्याने पुढून मागे धुवायचं, घासायचं नाही, मऊ सुती कापडाने टिपायचं, मग झिंक ऑक्साइडचं मलम किंवा व्हॅसलीनचा पातळ थर. डेटॉल नको, पावडर नको, ती घामात गोळा होऊन चामडी सोलते. वापरलेला डायपर संडासच्या भांड्यात टाकू नका. कागदात गुंडाळून घंटागाडीत वेगळा द्या.

पुरुषांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण वाचणाऱ्यांसाठी दोन ओळी. साठीपुढच्या पुरुषाची धार बारीक झाली आहे, सुरुवातीला वेळ लागतो, रात्री कपडे ओले होतात, तर प्रोस्टेट वाढून पिशवी भरून वाहत असण्याची शक्यता आधी बघावी. अशा माणसाने सर्दीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, एका रात्रीत लघवी बंद पडू शकते. तालमीत आयुष्य गेलेला गडी असला की तो हे सहा महिने कुणाला सांगत नाही. बायकोने किंवा मुलाने विचारावं.

काही खुणा दिसल्या तर वही-बिही बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. अचानक लघवी आणि संडास दोन्हींवरचा ताबा गेला आणि सोबत पायात अशक्तपणा, पाठीत जोराची कळ, किंवा बसायच्या जागेला बधिरपणा आला असेल, तर मणक्यात नस दबलेली असू शकते. तिथे तासांचा हिशोब असतो, थेट मोठं हॉस्पिटल. लघवी पूर्ण अडली, थंडी वाजून ताप आला, पोट फुगून उलट्या सुरू झाल्या, तरी तसंच. लघवीतून किंवा संडासातून रक्त गेलं, वजन उतरू लागलं तर त्याच आठवड्यात दाखवा. आणि तुमच्या बाबतीत एक गोष्ट मी मुद्दाम सांगते. सासूबाईंची संडासची सवय बदलून दीड महिना झालाय. या वयात सहा आठवड्यांवर बदल टिकला की आतड्याचा कॅन्सर नाही ना, याची खात्री करून घ्यावी लागते. गोळा काढल्यावर सगळं पूर्ववत झालं तरी दुर्बिणीने तपासायची गरज आहे का, हे डॉक्टरांना विचारा. बहुतेकांत काही निघत नाही, पण निघायचं असेल तर लवकर निघालेलं बरं.

घरात याबद्दल कसं बोलायचं? सगळ्यांसमोर 'परत झालं का?' असं विचारू नका. ओले कपडे टाकायला झाकणाची बादली त्यांच्याच खोलीत ठेवा, म्हणजे पदराआड लपवून न्यायला लागणार नाही. त्यांचं वागणं विसराळू होत चाललं असेल तर दर दोन तासांनी "चला, जाऊन येऊ" म्हणून सोबत जा. विचारलं तर त्या 'नको' म्हणतील.

भजनाला कधी पाठवायचं, हेही तुमच्या मनात असेलच. पोट साफ होऊन सकाळची संडास आठवडाभर नेमाने झाली की पाठवा. निघायच्या आधी लघवीला बसवा. चिडक्या पिशवीला निघताना घोटभर चहाही नको. सोबत न्यायच्या कापडी पिशवीत एक जादा परकर, एक डायपर, ओला रुमाल आणि दोन प्लास्टिकच्या पिशव्या ठेवा. पहिल्या दिवशी तुम्ही सोबत जा आणि दाराजवळची जागा धरा. संडास कुठं आहे ते आत शिरतानाच बघून ठेवा आणि त्यांना सांगा. मागच्या दाराने दहा पावलांवर आहे, एवढं माहीत असलं तरी कळ बरीच उशिरा येते.